नानांनी केलेलं कट-पेस्ट

फोनवर प्रधान साहेब अगदी शांत होते, म्हणूनच मी खुर्चीतून उठून उभी राहिले. "मॅडम, आमचा स्टॉक दिसत नाहीये. हे पान बघायची परवानगी नाही, असं येतंय. असू द्या, जेवण झाल्यावर मी येतोच आहे."

येणार होते ते कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते ठरवायला. कोन गावाजवळचं आमचं अर्धं गोडाऊन त्यांच्या औषध कंपनीच्या मालाने भरलेलं, उरलेल्यात कपडेवाले आणि इतर. तो माल गेला की हमालांचं काम गेलं, आणि पाठोपाठ कॉम्प्युटरवाली मीही घरी.

तेव्हा भिवंडीत गोडाऊनचा स्टॉक इंटरनेटवर दाखवणारे मोजकेच. आम्ही दाखवायचो. प्रत्येक कंपनीचं वेगळं फोल्डर, वेगळा पासवर्ड. वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान पाठवणारं सॉफ्टवेअर. वीज सारखी जाऊन ते बिघडलं होतं, म्हणून आदल्या दिवशी मी ते काढून पुन्हा टाकलं. त्याआधी सगळी फोल्डरं डेस्कटॉपवर कॉपी करून घेतली होती.

गंमत म्हणजे सर्व्हरच्या मशीनवर बसून मी उघडलं की सगळं छान दिसायचं! बाहेरून कोणी उघडलं की परवानगी नाही. रीस्टार्ट केला. पासवर्ड पुन्हा टाकले. काही फरक नाही. मागे आमचे मालक नाना येरझाऱ्या घालत होते. वडिलोपार्जित शेतावर गोडाऊन बांधलेला माणूस, कॉम्प्युटरसमोर मात्र लहान मुलासारखा धास्तावायचा.

शेवटी ठाण्याच्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, एव्हरीवन को फुल कंट्रोल दे दो, चालू हो जाएगा." एव्हरीवन म्हणजे सगळे. एक टिक मारायची की कुठलंही फोल्डर कोणालाही उघडणार.

"मंग दे ना बाय," नाना म्हणाले.

मी म्हटलं, अहो नाना, मग औषधवाल्यांना कपडेवाल्यांचा माल दिसेल, आणि त्यांना यांचा.

"दिसू दे. सायेब तिकडून निंगालाय."

खरं सांगते, माउस त्या टिकवर नेला होता मी. पण मन होईना. मग चिडून फोल्डरची सिक्युरिटी उघडली. तिथे ज्यांना परवानगी आहे त्यांची नावं असतात. नाव एकच होतं, माझं. हे माझ्या डेस्कटॉपचे नियम होते, तिथलं फक्त मलाच उघडतं. ते इथे आले कसे?

आमच्याकडे नवीन काहीही मालकाच्या हातून सुरू होतं. काटा असो, फोर्कलिफ्ट असो, पहिला हात नानांचा. म्हणून फोल्डरं परत ठेवायला आदल्या दिवशी माउस त्यांच्या हातात दिला होता. कॉपी करा असं सांगून मी अगरबत्ती लावायला वळले होते. आता मी विचारलं, नाना, कॉपीच केलंत ना?

"न्हाय, कट केला. येकच माल दोन जाग्यांवर ठेवला का चोरी होते."

गोडाऊनमध्ये शंभर टक्के बरोबर! पण फोल्डर कॉपी केलं तर ते नव्या जागेचे नियम घेतं, आणि त्याच ड्राइव्हवर कट करून नेलं तर जुन्या जागेचे नियम घेऊन येतं. मी कपाळाला हात लावला. मालकाला रागावणार तरी काय?

एकेक फोल्डर घेऊन नियम नव्याने लावत बसले. ज्याचा माल त्याचंच नाव. जेवणाचा डबा तसाच राहिला. शेवटचं फोल्डर होतंय तोवर साहेबांची गाडी गेटवर आली.

साहेबांनी पलीकडच्या मशीनवर आपला पासवर्ड टाकला. स्टॉक दिसला. नानांनी श्वास सोडला. मग साहेबांनी वरच्या ॲड्रेसमध्ये आपल्या कंपनीचं नाव खोडून कपडेवाल्यांचं टाकलं. स्क्रीनवर आलं, परवानगी नाही.

नानांचा चेहरा उतरला. "सायेब, आत्ता तं चालू व्हता वो!"

"चालूच आहे, नाना. दुसऱ्यांचं मला दिसत नाही, म्हणजे आमचंही दुसऱ्यांना दिसत नसणार. तुमच्याकडे यायच्या आधी ज्या गोडाऊनमध्ये होतो, तिथे सगळ्यांचं सगळं दिसायचं, म्हणून तर आम्ही तिथून निघालो."

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. नाना माझ्याकडे बघेनात, चहा मात्र स्वतः आणून दिला. पुढे मी कितीतरी ठिकाणी सर्व्हर बसवले, आणि घाईला आलं की एव्हरीवनला देऊन टाका म्हणणारा कोणीतरी सगळीकडे भेटला. घाईत दिलेली परवानगी नंतर काढून घ्यायचं कोणालाच आठवत नाही.