हेडलीची पूर्ण फी

विलायतेत घरी टीव्ही पाहायचा तर दरवर्षी परवान्याची फी भरावी लागते आणि त्याच पैशावर तिथली सार्वजनिक वाहिनी चालते. तिथल्या हल शहरातल्या हेडली थॉर्पला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून टीव्हीच्या परवान्याची फी त्याला निम्मी. पण सवलत घेईल तो हेडली कसला!

शेजारचा क्लिफर्ड चिडला. "अरे, डोळसांनी तरी ही फी का भरावी? आणि तू पूर्ण भरणार? खुळा आहेस!"

"बातम्या काय मी निम्म्या ऐकतो? आणि निम्मी भरून तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

दर सोमवारी तो टीव्हीवाल्यांना फोन लावून, निवेदक शब्द गिळतात म्हणून तासभर झापायचा.

क्लिफर्डने हेडलीच्या बायकोला गाठलं. "नोरा, तू तरी समजाव."

"नको रे बाबा," पूर्ण रकमेचा चेक लिहीत नोरा म्हणाली. "तो फोन थांबला, तर ते सगळं मला ऐकावं लागेल."