क्लचसाठी लावलेल्या पाकळ्या

आमच्या पेडण्यात घर बांधण्यापूर्वी किंवा सोयरीक ठरवण्यापूर्वी ग्रामदेवतेचा प्रसाद घेण्याची रीत अद्याप पाळली जाते. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतात आणि भटजी गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवापुढे प्रश्न मांडतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मोटारीच्या क्लचसाठी कोणी प्रसाद घेतल्याचे मात्र मी ऐकले नव्हते.

माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. गेल्या रजेत त्याने घरच्या गाडीच्या इंजिनाची शक्ती वाढवून घेतली. जुन्या क्लचला ती पेलेना. घरासमोरच्या चढावर इंजिन नुसते ओरडे, गाडी सरकत नसे, आणि जळका वास येई. म्हापशाच्या मिस्त्रीने दोन पर्याय पुढे ठेवले. एक शर्यतीचा क्लच, त्यासोबत हलके फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती टिकवणारे चाक. दुसरा मूळच्याच जातीचा, पण अधिक भक्कम, आणि फ्लायव्हील पूर्वीच्याच वजनाचे.

"पात्रांव, पहिला घातलास तर गाडी बाणासारखी सुटेल," मिस्त्री मुलाला मालकाच्या मानाने म्हणाला. "पण पेडल जड. आणि हळू चालवायला गेलास की धक्के देत बंद पडेल. जड फ्लायव्हील इंजिनाला सांभाळून घेते, हलके नाही घेत."

मुलाचे मन पहिल्यावर बसले होते. तो समुद्रावर असतो तेव्हा गाडी सूनच चालवते. लेकीला, आमच्या बायला, शाळेत सोडून पणजीची कचेरी वेळेवर गाठायची, तर गाडीवाचून तिला दुसरा मार्ग नाही.

"बाबा, प्रसाद घेऊया," मुलगा म्हणाला. "देव देईल तो कौल."

सोमवारी सकाळी आम्ही तिघे देवळात गेलो. भटजींनी पाकळ्या लावल्या आणि मुलाचे नाव, गोत्र उच्चारून विचारले, शर्यतीचा क्लच बसवावा काय. आम्ही हात जोडून उभे राहिलो. समईची वात एकदा सारून झाली, तरी पाकळ्या हलल्या नाहीत.

भटजी मागे वळले. "तू बोटीवर परत कधी जाणार रे?"

"या महिन्याअखेर."

"मग गाडी कोणाकडे?"

मुलाने बायकोकडे पाहिले.

"आणि तिचे नाव गाऱ्हाण्यात नाही! देवाने काय तुझ्या बोटीवर क्लच बसवायचा?"

ज्याला फळ भोगायचे, त्याचे नाव गाऱ्हाण्यात असावे लागते. भटजी नव्याने गाऱ्हाणे घालू लागले, तेव्हा सून नम्रपणे पुढे झाली.

"भटजी, देवाला तिष्ठत ठेवू नका. पाय माझा आहे. मी आधी दाबून बघते."

मला त्यात अवमान दिसला नाही. जे आपल्या पायाला कळू शकते, ते देवाला विचारण्याचे कारण नव्हते. भटजींनी पाकळ्या काढून तिच्या ओंजळीत ठेवल्या.

देवळातून आम्ही म्हापशाला गेलो. मिस्त्रीच्या स्वतःच्या गाडीत शर्यतीचा क्लच होता. गॅरेजबाहेरच्या चढावर सून ती गाडी घेऊन गेली. गाडी उसळली आणि बंद पडली. तिने पुन्हा चालू केली. मागून पाववाल्याने हॉर्न वाजवला. गाडी पुन्हा बंद पडली आणि हातभर मागे घसरली. मुलगा रस्त्याकडेला उभा राहून पाहत होता. ती उतरली आणि डावी पोटरी चोळू लागली. ती एवढेच म्हणाली, "मागच्या सीटवर बाय असेल."

मुलगा मिस्त्रीला म्हणाला, "दुसरा घाल."

महिन्याअखेरीस त्याला मोपाच्या विमानतळावर सोडायला आम्ही निघालो. सून चालवत होती, तो शेजारी बसला होता, नातीला घेऊन मी मागे. घरासमोरचा चढ गाडी निमूट चढली. वास नाही, धक्का नाही. पुढे प्रत्येक गिअर बदलताना मुलाचा डावा पाय आपसूक पायपुसण्यावर दाबला जाई.

"अहो, पाय काढा," सून रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "क्लच इकडे आहे."

त्याने पाय आखडून घेतला आणि तो बाहेर पाहू लागला.