कोरड्या विटांचे थर

नेपाळातल्या त्या डोंगरगावात मला सकाळपासून स्वस्थता नव्हती. बजाजनगरच्या आमच्या विहारातून आम्ही बाराजण श्रमदानाला गेलो होतो. भूकंपात घर पडलेल्या एका एकट्या बाईची भिंत उभी करायची, एवढंच आमच्या वाट्याचं काम. ती पत्र्याच्या आडोशाला म्हशीशेजारी राहायची आणि थंडी तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी होती. भिंत संध्याकाळपर्यंत खिडकीच्या वर जायला हवी होती. मी दर थराला घड्याळ बघत होतो.

विटा भिजवून द्या, एवढं हिंदीत सांगून तिथला मिस्त्री कोपरे उभे करायला गेला. शेजारीच झऱ्याचं पाणी पाइपातून अखंड पडत होतं. ते वाया जाताना बघवेना म्हणून आमच्यातला जो तो एकदा तरी तोटी शोधून आला. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. विटांना पाणी दिलं ते त्याच सवयीच्या हातानं: मगभर पाण्यात तीन विटा ओल्या करायच्या, निथळलेलं चौथीला. तसं करा म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी राहवेना म्हणून मी वरची एक वीट हलवून पाहिली. ती अलगद हातात आली. खालचा सिमेंटचा माल भुकटीसारखा झाला होता. कोरड्या विटेनं त्यातलं पाणी पिऊन टाकलं होतं. खालच्या थरांचीही तीच गत.

माल कालवणाऱ्या माझ्या शेजाऱ्याला दाखवलं. आम्ही एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला.

"प्लास्टर झाल्यावर बसंल धरून," तो हळूच म्हणाला. "आता पाडलं तर अर्धीच ऱ्हाईल. लई बारीक पाहता राव तुम्ही."

"ती याच भिंतीशी डोकं करून झोपणार आहे," मी म्हणालो.

त्यानं फावडं खाली ठेवलं आणि स्वतःच मिस्त्रीला बोलवायला गेला.

मिस्त्रीनं दोन विटा उपसून पाहिल्या. रागावला नाही. "आपके यहाँ पानी नहीं है क्या?"

"है ना," शेजारी म्हणाला. "मंगल को आता है।"

सगळे थर उतरवले. बाई शेतातून आली, खाली गेलेली भिंत पाहून मिस्त्रीवर कडाडली. काय म्हणाली ते आम्ही विचारलं नाही. या खेपेला विटा पिंपात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायच्या होत्या. ऊन डोंगरामागं सरकत होतं आणि आम्ही बुडबुडे बघत उभे होतो. इतका नकोसा वेळ मी कारखान्यातही काढलेला नाही.

अंधारापर्यंत भिंत खिडकीच्या खालच्या कडेला पोचली. उरलेलं भातकापणीनंतर करतो, असं मिस्त्रीनं बाईला सांगितलं. तिनं वरच्या विटेकडं हात नेला, तसे आम्ही सगळे मराठीतच ओरडलो, हात लावू नका. तिनं हात मागं घेतला आणि गोठ्यात निघून गेली.

सकाळी गाडीचा हॉर्न वाजत असताना मी भिंतीवर पाणी मारत होतो. रोज असंच मारा, हे खुणेनं तिला सांगितलं. तिनं खुणेनंच मला गाडी दाखवली. गाडी वळली तेव्हा अर्ध्या भिंतीच्या वरून ती म्हशीला वैरण टाकताना दिसत होती.