काकांचा शनिवारचा पश्चात्ताप

अख्ख्या नाशकात आमच्या शेजारच्या काकांइतका पश्चात्ताप कोणी केला नसेल, आणि दुसऱ्या कोणाच्या पश्चात्तापाचा लोकांना इतका त्रासही झाला नसेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या शरणपुरातल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, भाकर-द्राक्षारसाचा विधी असायचा. त्याआधी ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याशी समेट करून यावं, अशी शिकवण. आम्ही ती मान डोलावून ऐकायचो आणि घरी जाऊन मटणाच्या रश्श्यात विसरायचो. काका मात्र आदल्या शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून, बायबल काखेत मारून, दारोदार क्षमा मागत फिरायचे. पंचाईत अशी, की ज्या अपराधांची ते क्षमा मागत, ते आम्हाला तोवर ठाऊकच नसत. समोरच्या वहिनींना म्हणाले, "वहिनी, तुमच्या थोरल्याच्या लग्नातली बिर्याणी कच्ची होती, असं मी चार जणांना सांगितलं. क्षमा करा." वहिनींनी क्षमा केली आणि ते चार जण कोण, ते शोधायला निघाल्या. मला एकदा म्हणाले, "तू क्वायरमध्ये गातोस ना, तेव्हा माझ्या मनात फार वाईट विचार येतात रे. प्रभू मला माफ करो." प्रभूने केलं असेल, मी अजून केलेलं नाही.

एक दार मात्र ते न चुकता टाळायचे. पलीकडचं चौथं घर, सख्ख्या धाकट्या भावाचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका रविवारी काका भर उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसं सावरलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभे राहिले आणि भावाच्या पिण्याबद्दल भावाच्याच वतीने पश्चात्ताप करून मोकळे झाले. डोळे पुसत, चांगला अर्धा तास, बाटल्या लपवायच्या जागांसकट. भाऊ बायकोपोरांना घेऊन तिसऱ्या बाकावर बसलेला होता. त्या दिवसापासून त्याने दारू सोडली नाही, चर्च सोडलं. "मी त्याच्या आत्म्यासाठीच बोललो," असं काका म्हणायचे. स्वतःची बारीकसारीक पापं तोंडपाठ असलेल्या माणसाला हे एक कसं आठवत नाही, याचा मला खरोखर संताप यायचा.

दहा-बारा वर्षांनी भावाने अंथरूण धरलं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी काका माझ्या दारात आले, हातात बायबल नव्हतं. "माझ्याबरोबर येतोस का? एकट्याने पाय उचलत नाही," म्हणाले. गेलो. भाऊ खाटेवर पडून होता. काका उंबऱ्याशी थांबले. अर्ध्या तासाची तयारी ठेवून मी भिंतीला टेकलो. काकांचे ओठ नुसते हलले. मग म्हणाले, "चुकलो मी." डोळ्यांत टिपूस नाही. भाऊ म्हणाला, "एवढंच? चर्चमध्ये तर अर्धा तास बोलला होतास." मग त्याने बायकोला दोन कप चहा टाकायला सांगितला. मला कोणी विचारलं नाही, मी निघालो.

दुसऱ्या दिवशी साक्षीची वेळ आली तसं पाळकसाहेबांनी सवयीने काकांकडे पाहिलं. काका उठले नाहीत. शेजारी खुर्चीसकट उचलून आणलेला भाऊ बसला होता आणि काकांनी त्याच्यासमोर गीतांचं पुस्तक उघडून धरलं होतं.

आता दोघेही नाहीत. शनिवारी दार वाजत नाही. कोण कोणाबद्दल काय बोलतं ते कोणाला कळत नाही, म्हणून आम्ही सगळे गुण्यागोविंदाने राहतो. बिर्याणीच्या त्या चार जणांतला एक मी होतो, आणि पोट धरून हसलोही होतो. गेल्या शनिवारी वहिनींच्या दारापर्यंत गेलो आणि कडी न वाजवता परत आलो. काका असते तर त्यांना बरोबर घेऊन गेलो असतो.