बैलाच्या कपाळावरचं मेडल

नम्रपणा आमच्या घरात कोणाच्याच वाट्याला आला नाही. बाबांना स्वतःचा गर्व आणि मला बाबांचा. आईच्या मते आम्हा बापलेकींचं डोकं एकाच कुंभारानं घडवलंय आणि भाजायचं विसरून गेलाय.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात गोल्फ पाहिलेला माणूस एकच, बाबा. तरुणपणी कामाच्या शोधात ते सिकंदराबादला गेले आणि तिथल्या मैदानावर कॅडी झाले. म्हणजे साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची आणि त्यांच्यामागं उन्हातान्हात चालायचं. काही वर्षांनी परतले ते चांदीचं मेडल घेऊन. 'मी चॅम्पियन झालो,' म्हणाले आणि गाव पोट धरून हसलं. पिशवी उचलणाऱ्याला कोण खेळू देतंय? साहेबानं खुशीत दिलं असेल, असं पारावर ठरून गेलं. आणि पारावर एकदा ठरलं की ते देवालाही फिरवता येत नाही.

तेव्हापासून बाबांची एकच इच्छा होती. हा खेळ कळणाऱ्या एका तरी माणसानं ते मेडल हातात घ्यावं आणि 'तुम्ही जिंकलात' असं म्हणावं. नातवंडं झाली, दात गेले, हात कापायला लागले, पण असा माणूस काही गावाकडं फिरकला नाही. आता घाई मला झाली होती. मी हिंगोलीत शाळेत शिकवते, मोबाईल बऱ्यापैकी चालवते. जुनी मेडलं जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी त्याच्या दर्शनी बाजूचा फोटो टाकला. पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. विकायचंय का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, आधी या, बघा.

ते आले नेमके पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. दर पोळ्याला बाबा ते मेडल चिंचेनं लख्ख घासतात आणि उजव्या अंगाच्या बैलाच्या कपाळाला, बाशिंगाच्या खाली बांधतात. त्यामुळं पाहुण्यांच्या हातात ते पडलं तेव्हा त्याच्या कडेला शिंगांचा हिरवा रंग होता आणि खाचेत कुंकू. त्यांनी भिंग काढलं. त्यांचा चेहरा पार पडला.

"घासलंत? आणि हा पोचा?"

"मान हलवतो की तो. शिंगदोरीची कडी लागली आसंल," बाबा म्हणाले.

"अहो काका, इतकी मोलाची वस्तू बैलाला बांधतात का?"

"माझ्या गळ्यात कोन बघतंय? पोळ्याला बैलाकडं सारं गाव बघतं."

पाहुणे मेडल उलटंसुलटं करत राहिले. मागचं साल दिसलं तसे ते ताठ बसले. म्हणाले, त्या मैदानाची ही स्पर्धा फार जुनी, पण या साली पहिल्यांदाच कॅडींना खेळू दिलं होतं. मोठमोठ्या साहेबांना हरवून एक कॅडीच जिंकला. त्या सालचं मेडल ते कितीतरी वर्षं शोधत होते. "त्या कॅडीचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. पुढं तो कुठं गेला, कुणालाच माहीत नाही."

"हितंच आला," बाबा म्हणाले. "सोयाबीन पेरतो."

माझा ऊर भरून आला. आख्ख्या पाराला हात धरून ओढत आणावं, असं वाटलं. पाहुणे बाबांकडं बघत राहिले. मग भिंग बाजूला ठेवून खुर्चीवरून उठले आणि खाली, बाबांच्या सतरंजीवर येऊन बसले.

"म्हणजे तुम्ही जिंकलात," ते म्हणाले. "काका, शेवटच्या खड्ड्याला काय झालं, सांगा ना."

बाबांनी घसा खाकरला. "येक कर्नल माझ्या बराबरीत चालून राहिला होता. शेवटच्या हिरवळीवर आलो. माझा चेंडू लांब पडलेला. उतार डावीकडं..."

"उजवीकडं," आई म्हणाली. ती दारात बसून तुरीची डाळ निवडत होती. गोल्फचं मैदान तिनं उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. बाबांनी विषय काढला की 'पुरं करा तुमचं गोटीपुराण, मोडीत घाला एकदाचं ते मेडल' म्हणणारी बाई ती.

"व्हय, उजवीकडं," बाबा म्हणाले. "म्या काठी धरली. सगळे साहेब गप. म्या चेंडू मारला, अन् तो..."

पुढं त्यांना बोलता येईना. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर आवाजच फुटेना. पाहुण्यांनी मान खाली घातली. मीही पदर डोळ्यांना लावला.

आईनं सूप बाजूला ठेवलं.

"चेंडू खड्ड्याच्या तोंडावर जाऊन थांबला," ती पाहुण्यांना म्हणाली. "साऱ्यायला वाटलं, गेलं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली अन् पडला की हो आत. मंग त्या कर्नलानं डोक्यावरची टोपी काढली, यांच्यासाठी. चहा घ्या, थंड होऊन राहिला. अन् मेडल इकायचं न्हाई."