ऐकण्यातली चूक

दुकानात तिला सगळे गोडताई म्हणायचे. एसीच्या विभागात तिची हयात गेली होती. आवाज मऊ, उत्तर जिभेवर तयार. गिऱ्हाईक 'घरी विचारून सांगतो' म्हणायच्या आतच तिने बिल करायला घेतलेलं असे.

त्या दुपारी उकाड्याने जीव नकोसा झाला होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कानात यंत्र लावलेले एक म्हातारे शिंपीकाका एका एसीसमोर बराच वेळ घुटमळत होते. त्यांचा प्रश्न एकच होता.

"बायकोला दमा आहे. डॉक्टर म्हणाले, गार हवा कुणाला मानवते, कुणाला नाही. आम्हाला नाही मानवली, तर परत घ्याल ना?"

खरं उत्तर लांबलचक होतं. खोकं उघडलं नसेल तोवर एसी परत होतो. एकदा भिंतीवर चढला की नाही. पुढे बिघाड निघाला तर कंपनी दुरुस्त करणार, फार तर बदलून देणार; पण मानवला नाही हा काही बिघाड नव्हे. गोडताईला हे सगळं तोंडपाठ होतं. पण मागे माणसं ताटकळली होती, आणि एवढं ऐकल्यावर काका विचार करायला घरी जाणार, हेही तिला दिसत होतं.

"घेऊ की, काका! अगदी निर्धास्त राहा," ती म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात काका परत आले. एसी लावला की काकूंना खोकल्याची उबळ येई, बंद केल्याशिवाय थांबत नसे. "मशीन झकास आहे हो, आम्हालाच सोसत नाही. तेवढं घेऊन जा."

मालक काउंटरवरच होते. "बसवलेला एसी परत होत नाही, काका. कोण म्हणालं तुम्हाला?"

काकांनी गोडताईकडे पाहिलं. मालकांनीही पाहिलं.

"मी सांगितलं होतं, बसवायच्या आधी परत होतो म्हणून," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

काकांचा हात कानातल्या यंत्राकडे गेला. "असेल, असेल. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. हल्ली होतं असं. बाईंचा दोष नाही." ते वळले आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरून गेले.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं. घरी नवऱ्याने विचारलं, "घसा बसलाय का? बोलत का नाहीस?" दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांशी बोलतानाही स्वतःचा आवाज तिला ऐकवेना.

सुट्टीच्या दिवशी पत्ता काढून ती काकांकडे गेली. दार काकूंनी उघडलं. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, पलंगावर न शिवलेले कपडे. भिंतीवरच्या एसीवर चादर टाकलेली.

"काम अडलंय," काकू धापा टाकत म्हणाल्या. "गिऱ्हाईक काय म्हणतं ते हल्ली मी ऐकते आणि यांना सांगते. यांच्या कानांवर विसंबून एवढी वस्तू गळ्यात पडली. आता यांचा यांनाच भरवसा नाही."

गोडताई उभीच होती. "काका, तुमची काही चूक नव्हती. परत घेऊ असंच मी म्हणाले होते. मालकांसमोर खोटं बोलले."

"पुन्हा म्हणा," काका म्हणाले.

तिने मोठ्याने म्हटलं. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं.

"म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं!" काका बायकोकडे वळले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ऐकलंस?"

काकूंनी ऐकलं होतं. "आठवडाभर मी या माणसाला काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "ते कोण भरून देणार?" त्यांनी तिला बस म्हटलं नाही. काकांनीच दारापर्यंत सोडलं.

तिथून ती थेट मालकांकडे गेली. सगळं ऐकून ते भडकले, मग हताश झाले. "आता कंपनी हात लावणार नाही त्याला!"

"आपण काढून आणू. वापरलेला आहे असं सांगून विकू. जी तूट येईल ती माझ्या कमिशनमधून कापा."

बरीच हुज्जत झाली, पण अखेर मालक तयार झाले. एसी निघाला, काकांना पैसे परत मिळाले, आणि गोडताईची रवानगी तक्रारी घ्यायच्या टेबलावर झाली. तिने कुरकुर केली नाही.

पुढे एकदा दवाखान्याच्या दारात काका-काकू तिला भेटले. काका लांबूनच हसले, "काय ताई, बरं आहे ना?" काकूंनी मात्र तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि खोकत पुढे गेल्या. काकांच्या हसण्याने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंची नजर त्या मानाने सोसायला सोपी होती.