मागाच्या खड्ड्यातलं सिलिंडर

"जिवाचं भय नाही, काकू. आता हाताचं बोलू." एवढं सांगून डॉक्टरबाईंनी स्वतःचा उजवा हात माझ्यासमोर धरला, बोटं मिटली, उघडली. "काकांची मूठ अशी वळली पाहिजे. वळेल की नाही, ते मात्र आज मी सांगू शकत नाही."

मी मान हलवली. माझ्या साडीला जळक्या केसांचा वास येत होता आणि तो बाईंनाही येत असणार, याचीच मला उगाच लाज वाटत होती.

केसपेपरवर 'डीप बर्न' लिहिलं होतं. म्हणजे भाजणं वरच्या कातडीवर थांबलं नव्हतं, खालच्या थरांत उतरलं होतं. चेहरा वरवर भाजला होता, भुवया गेल्या होत्या. हाताआधी बाईंनी 'इनहेलेशन इन्ज्युरी' तपासली होती. बंद जागेत भडका झाला की तापलेली हवा श्वासाबरोबर आत जाते आणि गळा आतून सुजतो. वरून माणूस बरा दिसतो आणि मग एकदम श्वास कोंडतो. म्हणून बाई यांना सारखं बोलायला लावत होत्या. जन्मभर मोजकं बोललेला माणूस त्या दिवशी आपलं नाव, गाव, पेठ पुन्हा पुन्हा सांगत बसला होता. आवाज बसला नाही, हे आमचं नशीब.

ज्यांच्या घरात लोखंड तापवायची भट्टी आहे, किंवा जे ती लावायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रडगाणं गायचं नाही. गायला मला येतही नाही.

आमचं घर विणकरांचं. सासरे हातमागावर बसत. तो खड्ड्याचा माग: विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या पायांनी दाबतो. सासरे गेले, माग मोडीत गेला, खड्डा तेवढा राहिला. त्यावर फळ्या टाकल्या आणि ती खोली यांच्या कामाची झाली. हे, म्हणजे माझे पती अंबादास, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग अडला की तो चालू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. काम सुटल्यावर ते घरीच विळे, खुरपी, अडकित्ते घडवू लागले. भिंतीपलीकडच्या खोलीत मी टॉवेलच्या कडा शिवते. पलीकडे त्यांचा हातोडा, अलीकडे माझं मशीन. आम्हाला वेगळं बोलायची फारशी गरज पडत नसे.

आधी कोळशाची भट्टी होती. पण काजळी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसायची, आणि चादरीवरून झालेलं भांडण सोलापुरात सहजी मिटत नाही. म्हणून यांनी प्रोपेनची भट्टी आणली. प्रोपेन हा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. जाळ स्वच्छ, लोखंड लवकर लाल होतं. हे खूश होते.

चूक कुठे झाली तेही सांगते, कारण ती आमच्यासारख्यांच्याच हातून व्हावी अशी आहे. 'सिलिंडर तापू देऊ नका' असं विकणाऱ्याने बजावलं होतं. आमच्या उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड जागा कुठली? मागाचा खड्डा. सासरे त्यात सुताच्या ओल्या कांड्या ठेवत, त्या दिवसभर सुकत नसत. यांनी सिलिंडर त्याच खड्ड्यात उभं केलं आणि फळ्यांच्या फटीतून नळी वर काढली. त्यात जॉबरचा तारेवर फार विश्वास. मागाचं काहीही तुटलं की तार पिळून त्या पाळीपुरतं भागवायचं, ही आयुष्यभराची सवय. सिलिंडरपाशी नळीच्या जोडालाही यांनी क्लिपऐवजी तारच पिळली. आणि काम संपलं की भट्टीजवळचा कॉक तेवढा बंद करायचे. सिलिंडरच्या तोंडावरची गॅस बंद करायची चक्री फिरवायला फळी उचलावी लागे, म्हणून चक्री उघडीच राहायची.

जोडातून रात्रभर गॅस पाझरत होता. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर येत नाही, पाण्यासारखा खाली साचतो. फळ्यांखाली खड्डा भरत गेला आणि घरात कुणाच्या नाकाला पत्ता लागला नाही.

कामाला बसण्याआधी हे खड्ड्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात दिवा लावत, वडिलांच्या बसण्याच्या जागेला म्हणून. कधी चुकले नाहीत. त्या सकाळी फळी सरकवली, बहुधा वास आलाही असेल, पण तोवर काडी ओढून झाली होती.

मला धप्प असा आवाज आला, भरलेलं पोतं पडावं तसा. मी मशीन सोडून पलीकडे पोहोचले तोवर हे दारात उभे होते, उजवा हात पुढे धरून, जणू तो दुसऱ्याचा आहे. जाळ विझला होता. सिलिंडर फुटलं नव्हतं. का फुटलं नाही, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

गल्ली गोळा झाली. एकीने टूथपेस्ट आणली, दुसरीने खोबरेल, तिसरी म्हणाली बटाटा किसून लावा. समोरचे रशीदभाई, रिक्षा चालवतात, तेच तेवढे शहाण्यासारखं बोलले. "भाभी, कुछ नक्को लगाओ. बस पानी डालो. मैं रिक्षा निकालतौं." आमच्या नळाला रोज पाणी येत नाही आणि तो काही पाण्याचा दिवस नव्हता. मी हौदातलं पाणी तांब्या तांब्याने हातावर ओतत राहिले. डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, चांगली वीसएक मिनिटं साधं पाणी ओतायचं. बर्फ नको, पेस्ट नको, तेल नको. मग स्वच्छ कापड सैलसर गुंडाळायचं आणि निघायचं. एक गोष्ट मात्र राहून गेली. बोटातली चांदीची अंगठी काढली नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोट सुजलं आणि ती कापावी लागली. भाजलं की अंगठी, घड्याळ, गंडादोरा आधी उतरवा.

जळीत विभागात वेळ कळत नाही. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना विचारत नाहीत की तुमचं कोण. आतून हाक आली की जिचं माणूस असेल ती उठते. 'डिब्राइडमेंट' म्हणजे मेलेली कातडी काढून जखम साफ करणं. ते होईस्तोवर मी भिंतीवरची सूचना वाचत असे. त्यातली एक ओळ चुकीची छापली होती, ती मला अजून पाठ आहे.

मग बाईंनी 'स्किन ग्राफ्ट' करायचं ठरवलं. स्वतःच्याच मांडीवरची पातळ कातडी काढून हातावर लावायची. मांडीवरच्या त्या जागेला 'डोनर साइट' म्हणतात, आणि ती हातापेक्षा जास्त आग करते, हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. कातडी पुरावी म्हणून तिला बारीक छेद देऊन जाळीसारखी ताणतात. पट्टी बदलताना यांनी ती जाळी पहिल्यांदा बघितली. बराच वेळ निरखून म्हणाले, "वीण पातळ हाय, पर सरळ हाय." बाई हसल्या. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

त्याच दिवशी बाईंनी विचारलं, "काका, भडका उडाला की माणूस हात मागं ओढतो, बोटं आपोआप मिटतात. हाताची पाठ जळते, तळवा वाचतो. तुमचा तळवा कसा काय जळाला?"

यांनी पंख्याकडे बघितलं. "चक्री फिरीवली."

"जाळ चालू असताना?"

"जोडापाशी जाळ व्हता. ही भिंतीपल्याड मशीनवर बसली व्हती की."

मला आधी राग आला. हाक मारायला काय झालं होतं? हाक मारली असती तर मी तीन ढांगांत रस्त्यावर गेले असते, आणि हेही गेले असते. तापलेल्या पितळेवर हात दाबून धरायची हौस कशाला? असं सगळं मी मनात बोलले आणि मग बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन भरपूर रडले. डॉक्टरबाईंचं म्हणणंही हेच आहे आणि ते तुम्ही ऐका: जाळात हात घालू नका, घरातल्यांना बाहेर काढा, लांबून अग्निशमनला फोन करा. हे मला पटतं. तरी त्या हाताबद्दल त्यानंतर मी कधी वाकडा शब्द काढला नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. नवी कातडी आखडत जाते, बोटं आत ओढली जातात आणि तशीच राहतात. त्याला 'कॉन्ट्रॅक्चर' म्हणतात. ते होऊ नये म्हणून दिवसरात्र घट्ट मोजा घालायचा, त्याचं नाव 'प्रेशर गारमेंट', आणि दिवसातून अनेकदा बोटं पूर्ण उघडायची, पूर्ण मिटायची. फिजिओच्या ताईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. चेंडू खिडकीत पडून राहिला. हे बोटं अर्ध्यावर आणत आणि सोडून देत.

"दुखतं व्हय?" मी विचारलं.

"दुखतंय. पर त्याचं न्हाय. मूठ वळवून धरू तरी काय आता?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी घरात जाहीर केलं होतं की या घरात पुन्हा विस्तव पेटणार नाही. ज्याला हातोडा मिळणार नाही त्याने मूठ कशासाठी वळवायची? डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काकू, भट्टी वाईट नव्हती. जागा आणि जोडणी वाईट होती." मी दोन दिवस धुसफुसले आणि गॅस एजन्सीच्या तंत्रज्ञाला घरी बोलावलं.

त्याने खोली बघितली. म्हणाला, "सिलिंडर बाहेर, उत्तरेच्या भिंतीला, पत्र्याच्या सावलीत. उभं ठेवायचं, साखळीनं बांधायचं. मोरीच्या तोंडापासून लांब. सावली पुरं हाय त्याला, गारवा न्हाय लागत, वारा लागतो." रेग्युलेटर भट्टीच्या दाबाचा आणि दाब दाखवणाऱ्या काट्याचा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. नळी गॅसचीच, तिची मुदत बघून. जोड क्लिपने आवळलेले. जाळ उलटा नळीत शिरू नये म्हणून मध्ये झडप बसवायची. जमिनीलगत समोरासमोर जाळीचे झरोके पाडायचे, म्हणजे सांडलेला गॅस वाहून जाईल. प्रत्येक जोडणीनंतर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी लावून कधीही बघायचं नाही. आणि काम संपलं की आधी सिलिंडर बंद, नळीतला उरलेला गॅस जळू द्यायचा, जाळ आपोआप विझला की मग भट्टीचा कॉक.

हे सगळ्याला मान डोलवत होते. शेवटी तो खड्ड्यापाशी थांबला. "ह्यो बुजवावा लागंल. खोलीत जमिनीखाली एक हात जागा बी नको. साचतं तितं."

"खड्डा न्हाय बुजवायचा," हे म्हणाले. "आण्णा बसत व्हते हितं."

"मग मी जोडून न्हाय देणार. लई राग आला तरी न्हाय."

तो चहा पिऊन गेला. पुढे बरेच दिवस खड्डा उघडा, चेंडू खिडकीत आणि बोटं अर्ध्यावर. आम्ही भांडलो नाही. मी गाडीभर मुरूम मागवून अंगणात टाकून घेतला आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नाही.

एका सकाळी मी कडा शिवत होते आणि पलीकडून मुरूम पडल्याचा बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मला वाटलं, लावला कुणीतरी गडी. जाऊन पाहिलं तर हे खड्ड्याच्या काठावर बसले होते, वडील बसत तसे, पाय आत सोडून. शेजारी मुरमाची पाटी. दाबाच्या मोज्यावर रबरी मोजा चढवलेला. पाटीत उजवा हात घालायचे, बोटं ओढून ओढून मिटायचे, आणि हात खड्ड्यावर नेऊन उघडायचे. निम्मा मुरूम वाटेतच बोटांतून गळत होता. घामाने चेहरा भिजला होता.

"फावडं हाय की," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले.

मी परत मशीनवर येऊन बसले. टाका सरळ येत नव्हता, तरी शिवत राहिले.

पाटी त्यांना डाव्या हाताने ओढावी लागे, ती मी भरून ठेवू लागले. खड्डा जसा वर येत गेला तसं मुरूम गळणं कमी होत गेलं. पाय काढून घ्यावे लागले त्या दिवशी ते लवकर उठले आणि जेवले नाहीत. शेवटी कोनाडाही बुजणार होता. त्यातली पणती त्यांनी आधीच काढून बाहेर तुळशीपाशी ठेवली होती. वरचा थर आम्ही दोघांनी पाणी मारून धुम्मसाने चोपला आणि त्यावर फरशी बसवली.

तंत्रज्ञाने येऊन फरशीवर पाय आपटून बघितला आणि जोडणी करून दिली. डॉक्टरबाईंनी मूठ बघितली, आपली दोन बोटं त्यात धरायला दिली आणि "काका, सोडा आता" म्हणाल्या. करंगळी पूर्ण मिटत नाही, ती तशीच राहील. बाईंचे, फिजिओच्या ताईंचे आणि रशीदभाईंचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

आता रोज संध्याकाळी हातोडा थांबला की मी भिंतीपलीकडून विचारते, "बंद केलं का?" पलीकडून "व्हय" येतं. तरी मी उठून बाहेर जाते, उत्तरेच्या भिंतीशी, आणि चक्रीला हात लावून बघते. ती इतकी घट्ट बंद असते की मला हलवता येत नाही.